मोजणीची तारीख आणि माणसाचे वय : आकडे कोणत्या दिवसाचे समजायचे?

कालमापक (धागाकर्ता)

गेले काही आठवडे मी शालेय उपस्थितीच्या दोन सर्वेक्षणांची तुलना करत आहे. प्रदेश तोच, प्रश्नही जवळजवळ तेच आणि दोहोंमध्ये काही वर्षांचे अंतर. दुसऱ्या सर्वेक्षणात सहा वर्षे वयाच्या मुलांपैकी शाळेत जाणाऱ्यांचे प्रमाण बरेच घटलेले दिसले. आठ आणि नऊ वर्षांच्या मुलांमध्ये मात्र तशी घट नव्हती. दोन दिवस मी या घसरणीचा अर्थ लावत होतो आणि तिच्यावर एक परिच्छेदही लिहून ठेवला होता. त्यानंतर मुलाखतींचे महिने पाहिले. पहिले सर्वेक्षण शाळा उघडल्यावर पहिल्याच महिन्यात पार पडले होते आणि दुसरे शाळा उघडून नऊ महिने झाल्यावर.

येथे काय घडले ते सविस्तर मांडतो. समजा, शालेय वर्षाच्या पहिल्या दिवशी ज्याला सहा वर्षे पूर्ण झाली आहेत त्यालाच पहिलीत प्रवेश मिळतो. नऊ महिन्यांनी कोणी दारावर येऊन वय विचारले, तर त्या दिवशी ‘सहा पूर्ण’ असलेल्या मुलांमध्ये सहा वर्षे शून्य महिन्यांपासून सहा वर्षे अकरा महिन्यांपर्यंतची सर्व मुले येतात. त्यांपैकी ज्यांचे वय सहा वर्षे नऊ महिन्यांपेक्षा कमी आहे, त्यांना शाळा उघडली त्या दिवशी सहा पूर्ण झालेलीच नव्हती. जन्म वर्षभर सारखे विखुरलेले आहेत असे धरले तर अशी मुले तीन चतुर्थांश भरतात. ही मुले शाळेपासून वंचित राहिलेली नाहीत, त्यांचा प्रवेशाचा दिवसच अजून आलेला नाही; तक्त्यात मात्र ती ‘शाळाबाह्य’ म्हणून मोजली जातात. वरच्या टोकालाही असेच होते. पाचवीच्या वर्गात बसलेली अनेक मुले तोपर्यंत अकरा पूर्ण झालेली असतात, त्यामुळे प्राथमिक वयोगटाच्या बाहेर जातात आणि वरच्या गटात गेल्यावर ‘वयाच्या मानाने मागे राहिलेली’ म्हणून दिसतात. एकाही मुलाच्या आयुष्यात काही बदललेले नसताना केवळ मोजणीचा महिना बदलल्यामुळे दोन्ही टोकांचे आकडे बिघडतात.

वय म्हणजे दोन तारखांमधील अंतर आहे. त्यांपैकी जन्मतारखेची सर्वजण काळजी करतात, तिच्यासाठी पुरावे मागतात. पण दुसरी तारीख, म्हणजे वय ज्या दिवशी मोजले तो दिवस, तक्त्यांच्या मथळ्यावर क्वचितच आढळतो. माझ्या हाती असलेल्या दुसऱ्या सर्वेक्षणाच्या माहितीसाठ्यात जन्माचा महिना नाही, केवळ पूर्ण वर्षांतील वय आहे. अशा वेळी जाणकार काय करतात, हे मला येथे विचारायचे आहे. जनगणनेत हा प्रश्न कसा हाताळला जातो, याविषयीही वाचायला आवडेल.

नोंदवही

विषय महत्त्वाचा आहे. जनगणनेपुरते मी लिहिते.

जनगणनेत यावर उपाय म्हणून ‘संदर्भ क्षण’ ठरवलेला असतो. भारताच्या २०११ च्या जनगणनेत प्रगणकांनी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात घरोघरी नोंदी केल्या, पण माहिती १ मार्च २०११ च्या ०० वाजताची मानली गेली. १ ते ५ मार्च या काळात फेरतपासणीची फेरी झाली. मधल्या दिवसांत जन्मलेल्या बाळांची नोंद वाढवायची आणि मृत्यू पावलेल्यांची नावे कमी करायची, हा तिचा हेतू होता. त्यामुळे लोकांची संख्या त्या क्षणाशी नीट जुळवली जाते. वयाचे मात्र तेवढे सोपे नाही. एखाद्या मुलीची नोंद १० फेब्रुवारीला ‘१७ पूर्ण’ अशी झाली आणि तिचा वाढदिवस २५ फेब्रुवारीला असेल, तर संदर्भ क्षणी ती १८ पूर्ण झालेली असते. जन्म आणि मृत्यू विचारायला आलेला प्रगणक तिचे वय पुन्हा विचारेलच असे नाही. भेटी वीस दिवसांत सारख्या विखुरल्या आहेत असे धरले, तर भेट आणि संदर्भ क्षण यांमध्ये सरासरी दहा दिवस जातात आणि ३६५ पैकी १० म्हणजे सुमारे २.७ टक्के लोकांचा वाढदिवस त्या फटीत येतो. २०११ च्या अनुसूचीत पूर्ण वर्षांतील वयाबरोबर जन्मतारखेचाही रकाना होता. तो जेथे खरोखर भरला गेला तेथे ही फट बुजवता येते.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. जनगणनेच्या वर्षातून वय वजा केले की जन्मवर्ष मिळते, असे आपण सहज गृहीत धरतो. १ मार्च २०११ रोजी ज्याला ३० पूर्ण होती, तो मार्च १९८० ते फेब्रुवारी १९८१ या काळात जन्मलेला असतो. २०११ मधून ३० वजा केल्यावर १९८१ येते, पण त्या बारा महिन्यांपैकी दहा महिने १९८० मधील आहेत. म्हणजे ही सरळ वजाबाकी सहापैकी पाच जणांच्या बाबतीत चुकते. मोजणी १ जुलैला असती तर निम्म्यांचे जन्मवर्ष बरोबर आले असते आणि ३१ डिसेंबरला असती तर जवळजवळ सर्वांचे.

बर्फाच्छादित भागांसाठी २०११ च्या जनगणनेत वेगळा संदर्भ क्षण होता, १ ऑक्टोबर २०१०. एकाच देशाच्या एकाच तक्त्यात ‘सहा वर्षे’ या रकान्यातील काही मुले इतरांपेक्षा पाच महिने आधीच्या जन्माची असतात, ही बाब त्या प्रदेशांची इतरांशी तुलना करताना ध्यानात ठेवावी लागते.

चांदणवेल

मला जुन्या जनगणनांच्या नोंदींवरून कुटुंबांचा इतिहास जुळवण्याची आवड आहे आणि त्या कामात या प्रश्नाने मला अनेकदा अडवले आहे. अमेरिकेची उदाहरणे देतो, कारण तेथे संदर्भ दिनांक वारंवार बदलला. १९०० ची जनगणना १ जूनची होती, १९१० ची १५ एप्रिलची, १९२० ची १ जानेवारीची आणि १९३० ची १ एप्रिलची. तेव्हापासून १ एप्रिल कायम आहे. आता १० फेब्रुवारी १८८५ रोजी जन्मलेली एखादी व्यक्ती डोळ्यांसमोर आणा. तिने प्रत्येक वेळी अगदी खरे वय सांगितले, तरी चार नोंदींमध्ये १५, २५, ३४ आणि ४५ असे आकडे येतात. मधल्या दशकात ती नऊच वर्षांनी वाढली आणि पुढच्या दशकात अकरा वर्षांनी. अशा नोंदी पाहून ‘वय लपवले’ असा निष्कर्ष काढलेला मी वाचला आहे आणि त्या दिवंगत व्यक्तीवर तो अन्याय आहे असे मला मनापासून वाटते.

१९२० साठी जानेवारी निवडण्यामागे शेतीचा विचार होता. कृषी खात्याने तशी विनंती केली होती, कारण तोवर सुगी संपून पिकांचा हिशेब ताजा असतो आणि हिवाळ्यात माणसे घरी सापडतात. शेतीच्या सोयीसाठी घेतलेला तो निर्णय माणसांच्या वयांत आजही उमटून राहिला आहे.

प्रश्नाची भाषाही बदलत असे. १८९० मध्ये अमेरिकेत मागील वाढदिवसाचे वय न विचारता सर्वांत जवळच्या वाढदिवसाचे वय विचारले होते. म्हणजे ३० वर्षे ८ महिने वयाचा माणूस तेथे ३१ लिहिला गेला असणार. इंग्लंडमध्ये ६ जून १८४१ च्या जनगणनेत पंधरा वर्षांवरील लोकांचे वय पाचाच्या पटीत खाली उतरवून लिहिण्याची सूचना होती. त्यामुळे तेथे ‘२०’ लिहिलेला माणूस २४ वर्षांचाही असू शकतो, आणि १८५१ ची मोजणी ३० मार्चला झाल्याने दहा वर्षांतील दोन महिने कमी पडतात ते वेगळेच. याउलट १९२१ ची इंग्लंड आणि वेल्सची जनगणना संपामुळे एप्रिलवरून १९ जूनवर ढकलली गेली, परंतु तिच्यात वय वर्षे आणि महिने अशा दोन्ही अंगांनी नोंदले होते. ज्या जनगणनेची तारीख हलली, तिचीच वये सर्वांत काटेकोर मिळावीत, याचे मला नेहमी समाधान वाटते.

सरळरेषा

चर्चा वाचनीय आहे, पण एक शंका नोंदवतो. लाखो लोकांच्या माहितीत असे लहानसहान फरक एकमेकांना छेद देऊन नाहीसे होत नाहीत का? आपल्याकडील वयाच्या आकडेवारीत खरी अडचण पुंजक्यांची आहे. लोक ३०, ३५, ४० असे ठोकळ वय सांगतात. २३ ते ६२ या वयांतील लोकांमध्ये शून्य किंवा पाचाने संपणारी वये सांगणारे किती आहेत, यावरून व्हिपल निर्देशांक काढतात. तो १०० असेल तर पुंजके नाहीत आणि ५०० असेल तर प्रत्येकाने ठोकळच वय सांगितले, असा त्याचा अर्थ होतो. जेथे हा निर्देशांक १०० च्या बराच वर जातो, तेथे नऊ महिन्यांच्या फरकाची चिंता करणे म्हणजे छत गळत असताना भिंतीचा रंग तपासण्यासारखे वाटते.

कालमापक (धागाकर्ता)

पुंजके ही मोठी अडचण आहे, हे मान्य करतो. परंतु ‘छेद देऊन नाहीसे होते’ हे दोन्ही दिशांनी होणाऱ्या चुकांबाबत खरे आहे. शाळा उघडून नऊ महिन्यांनी मोजणी केली तर प्रत्येक मूल नऊ महिन्यांनी मोठेच झालेले असते, कोणीही लहान होत नाही. नमुना दसपट केला तरी हा कल तसाच राहतो. उलट नमुना मोठा असल्यामुळे चुकीच्या आकड्यावर विश्वास वाढतो. शिवाय पुंजके प्रौढांच्या वयात अधिक असतात आणि पाच वर्षांचे गट केले की बऱ्याच अंशी झाकले जातात. शालेय प्रवेशाचा प्रश्न मात्र एका-एका वर्षाचा आहे.

नोंदवही

सरळरेषा यांच्या शंकेवर मी एक खरे उदाहरण देऊ इच्छिते, कारण एका महिन्याने राष्ट्रीय पातळीवरचा निष्कर्षदेखील कसा उलटतो हे त्यातून दिसते. भारताच्या १९६१ च्या जनगणनेचा संदर्भ १ मार्चचा होता. १९७१ मध्ये मार्चमध्ये लोकसभेची मध्यावधी निवडणूक आली, म्हणून संदर्भ १ एप्रिलवर गेला, आणि १९८१ मध्ये तो पुन्हा १ मार्चवर आला. म्हणजे पहिले ‘दशक’ दहा वर्षे एक महिन्याचे आणि दुसरे नऊ वर्षे अकरा महिन्यांचे. लोकसंख्येची दशवार्षिक वाढ १९६१-७१ मध्ये २४.८० टक्के होती आणि १९७१-८१ मध्ये २४.६६ टक्के, म्हणजे वाढ किंचित मंदावली असे दिसते. परंतु प्रत्यक्ष कालावधीने भागून वार्षिक घातांकी दर काढला, तर तो २.२० वरून २.२२ टक्क्यांवर गेलेला आढळतो. मंदावली की वाढली, याचे उत्तर त्या एका महिन्यावर अवलंबून आहे. चीनमध्येही १९९० ची मोजणी १ जुलैची आणि २००० ची १ नोव्हेंबरची होती, त्यामुळे तेथील ते दशक दहा वर्षे चार महिन्यांचे होते.

आता येणाऱ्या जनगणनेचा विचार करा. २०२१ ची जनगणना महासाथीमुळे लांबली आणि अधिसूचनेनुसार नवा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. लडाख आणि जम्मू-काश्मीर, हिमाचल प्रदेश व उत्तराखंड यांच्या बर्फाच्छादित भागांसाठी १ ऑक्टोबर २०२६. दोन मोजण्यांमध्ये बरोबर सोळा वर्षे येतात. दहा वर्षांचे अंतर असताना ० ते ४ वयोगटातील मुले पुढच्या मोजणीत १० ते १४ या गटात जशीच्या तशी सापडत असत, त्यामुळे पाच-पाच वर्षांचे गट एकमेकांवर नेमके बसत. सोळा वर्षांनी तीच मुले १६ ते २० या वयात असतील आणि नेहमीच्या १५-१९ व २०-२४ या दोन गटांत विभागली जातील. एका पिढीचा मागोवा घ्यायचा तर एका-एका वर्षाची वये वापरावी लागतील, आणि पुंजक्यांचा दोष सर्वांत तीव्र असतो तो तेथेच. सरळरेषा यांनी मांडलेली अडचण आणि धागाकर्त्यांनी मांडलेली अडचण येथे एकत्र येतात.

उंबरठा

मी काही वर्षे घरोघरी जाऊन मुलाखती घेण्याचे काम केले आहे. वरची चर्चा तक्त्यांच्या बाजूने झाली, म्हणून दारावरची बाजू मांडते.

आपल्या भाषेत वय सांगण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. ‘सहा पूर्ण झाली’ आणि ‘सहावे लागले’ यांत एका वर्षाचा फरक आहे, पण घाईने ऐकणाऱ्याला दोन्हीकडे ‘सहा’च ऐकू येते. आजीने ‘सहावे चालू आहे’ असे सांगितले आणि मुलाखत घेणाऱ्याने रकान्यात ६ लिहिले, तर पाच वर्षांचे मूल सहाचे झाले. म्हणून मी नेहमी ‘मागचा वाढदिवस कितवा होता’ असे विचारत असे, आणि वाढदिवस साजरा होत नसेल तर कोणत्या ऋतूत जन्म झाला, तेव्हा घरात किंवा गावात काय घडले होते, थोरल्या भावंडाचे वय तेव्हा किती होते, असे विचारत पुढे जात असे. यासाठी वेळ लागतो आणि प्रत्येक पर्यवेक्षक तो देतोच असे नाही. मी ज्या एका सर्वेक्षणात काम केले तेथे दिवसाला ठरावीक घरे पूर्ण करण्याचे बंधन इतके कडक होते की वयाच्या रकान्यावर अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक वेळ घालवणे शक्य होत नसे. मला तेव्हाही ते चुकीचे वाटे आणि आजही वाटते.

आणखी एक गोष्ट जाणीवपूर्वक सांगते. आरोग्यविषयक मोठ्या सर्वेक्षणांत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांची दीर्घ मुलाखत असते आणि पाच वर्षांखालील प्रत्येक मुलासाठी वेगळे प्रश्न असतात. परिणामी ४९ वर्षांची बाई ५० ची लिहिली जाणे किंवा पावणेपाच वर्षांचे मूल पाच पूर्ण झालेले लिहिले जाणे, हा मोह थकलेल्या मुलाखतकाराला होतो. त्याच्या खुणा अनेक देशांच्या माहितीत आढळतात; मर्यादेच्या अलीकडे खड्डा आणि पलीकडे उंचवटा. तारखांची मर्यादा आखली की तिच्या काठावरची माणसे कुठे तरी ढकलली जातात, हे सर्वेक्षण आखणाऱ्यांनी गृहीत धरायला हवे.

दूर्वांकुर

बालकांच्या पोषणाबाबत महिन्याचे महत्त्व याहून अधिक आहे. वयाच्या मानाने उंची किती, हे ठरवताना वय महिन्यांत लागते, कारण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मूल झपाट्याने वाढत असते. आईला जन्मवर्ष माहीत आहे पण महिना नाही, अशा वेळी अंदाजाने महिना लिहिला जातो. ज्यांच्यापुढे जानेवारी लिहिले गेले, त्यांचा खरा जन्म बहुधा त्यानंतरचा असतो. म्हणजे ती मुले कागदावर आहेत त्यापेक्षा लहान असतात आणि विनाकारण खुजी ठरतात. ज्यांच्यापुढे डिसेंबर लिहिले गेले, ती कागदावरच्यापेक्षा मोठी असतात आणि चांगली वाढलेली भासतात. जन्ममहिन्यानुसार सरासरी उंचीचा आलेख काढला की जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत चढत जाणारी आणि पुढच्या जानेवारीला एकदम कोसळणारी रेषा दिसते. तिचा मुलांच्या आहाराशी काहीही संबंध नसतो.

सर्वेक्षण दीर्घकाळ चालले तर मुलाखतीची तारीखही प्रत्येक घरासाठी वेगळी धरावी लागते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचे क्षेत्रीय काम जून २०१९ मध्ये सुरू झाले आणि मध्ये टाळेबंदीचा खंड पडून एप्रिल २०२१ मध्ये संपले. त्यात ‘३० वर्षे’ लिहिलेली स्त्री जून १९८८ पासून एप्रिल १९९१ पर्यंत केव्हाही जन्मलेली असू शकते. सुदैवाने अशा सर्वेक्षणांत जन्म आणि मुलाखत या दोन्ही तारखा महिन्यांच्या सलग क्रमांकात मिळतात. जानेवारी १९०० म्हणजे १, डिसेंबर १९०० म्हणजे १२, अशा रीतीने मोजत एप्रिल २०२१ चा क्रमांक १४५६ येतो. दोन क्रमांकांची वजाबाकी केली की महिन्यांतील वय हाती येते आणि तोंडी सांगितलेल्या वर्षांवर विसंबावे लागत नाही.

काटकोन

मूळ प्रश्नाचे उत्तर अजून राहिले आहे, म्हणून केवळ त्याबद्दल लिहितो.

जन्ममहिना उपलब्ध असेल तर शालेय वर्षाच्या पहिल्या दिवसाचे वय नव्याने काढावे. युनिसेफच्या बहुनिर्देशक सर्वेक्षणांत तसेच करतात. महिना नसेल तर ढोबळ नियम असा वापरला जातो की मुलाखत शाळा उघडल्यावर सहा किंवा अधिक महिन्यांनी झाली असल्यास प्रत्येक मुलाच्या वयातून एक वर्ष वजा करावे, अन्यथा वय तसेच ठेवावे. नऊ महिन्यांच्या अंतराला हा नियम चारपैकी तीन मुलांसाठी योग्य ठरतो आणि वजाबाकी न केल्यास वय चारपैकी एकाचेच बरोबर राहते.

याहून बारकाईने करायचे असेल तर वयांची वाटणी करता येते. तुमच्या उदाहरणात मुलाखतीच्या दिवशी सात पूर्ण असलेल्यांपैकी तीन चतुर्थांश मुले शाळा उघडताना सहा वर्षांची होती आणि एक चतुर्थांश सात वर्षांची. आठ व नऊ या वयांत तशी घट नाही असे तुम्ही लिहिले आहे; तेथे उपस्थिती जवळपास स्थिर धरली तर ते प्रमाण आधार धरून वरून खाली येत प्रत्येक वयाचे मूळ प्रमाण सोडवता येईल. अशा रीतीने काढलेल्या प्रमाणातील नमुन्याची चूक (म्हणजे सर्वांऐवजी काहींनाच विचारल्यामुळे येणारी अनिश्चितता) मूळ आकड्यातील चुकीपेक्षा एक तृतीयांशाहून थोडी अधिक वाढते, हे ध्यानात ठेवावे. मुलाखती अनेक महिन्यांत पसरल्या असतील तर हे गणित महिनावार वेगळे करावे लागेल.

उपस्थितीचा प्रश्न नेमका काय होता, हेही पाहा. ‘सध्या शाळेत जाते का’ आणि ‘या शालेय वर्षात कधीही शाळेत गेले का’ यांची उत्तरे वर्षाच्या शेवटी वेगळी येतात, कारण मधल्या काळात काही मुले शाळा सोडतात. ती घट खरी असते आणि वयाच्या दुरुस्तीने ती पुसली जाता कामा नये.

कालमापक (धागाकर्ता)

काटकोन यांनी सांगितलेली दोन्ही गणिते करून पाहिली. एक वर्ष वजा करण्याच्या नियमाने सहा वर्षांच्या मुलांमधील घसरण बरीचशी नाहीशी झाली आणि वाटणीच्या पद्धतीने ती नमुन्याच्या चुकीच्या मर्यादेत आली. दोन्ही सर्वेक्षणांतील प्रश्नाची भाषा तपासली. दोन्हीकडे ‘या शालेय वर्षात’ असाच उल्लेख आहे, त्यामुळे तुलना करता येते.

घसरणीवर लिहिलेला परिच्छेद काढून टाकला आहे. तक्त्यातील ‘वय’ हा मथळा बदलून ‘शालेय वर्षाच्या पहिल्या दिवशी पूर्ण झालेली वर्षे (अंदाजित)’ असा केला आहे आणि प्रत्येक स्तंभाखाली मुलाखतींचे महिने छापले आहेत. उंबरठा यांचा प्रतिसाद वाचल्यावर मुलाखतकारांच्या सूचनापुस्तिकाही मागवल्या. पहिल्या सर्वेक्षणाच्या पुस्तिकेत ‘पूर्ण’ आणि ‘चालू’ वर्षांतील फरक उदाहरणासह समजावलेला आहे, दुसऱ्यामध्ये त्याचा उल्लेख नाही. तेव्हा दुसऱ्या सर्वेक्षणातील काही ‘सहा’ मुळात ‘सहावे लागलेली’ मुले असू शकतात. ती वेगळी कशी ओळखायची, यावर अजून काम चालू आहे.